फळ्यावर मांडलेला देव



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याबद्दल या गावात अजून एक गोष्ट सांगितली जाते. रोग्याच्या मनगटावरचा गंडा त्यांनी कधी कात्रीनं कापला नाही, आणि गंडा बांधलाय म्हणून सलाईन लावायला ते कधी थांबलेही नाहीत. कार्यकर्त्यांनी श्रद्धा आणि चिकित्सा या विषयावर बोला असं सुचवलं, तेव्हा मला आधी त्यांची ही गोष्ट आठवली, आणि तिच्यामागोमाग एक अमेरिकन मालिका आठवली. त्या मालिकेतल्या डॉक्टरला हे कधीच जमत नाही. का जमत नाही, याचा विचार आज तुमच्यासमोर करायचा आहे.

मालिकेचं नाव 'हाऊस, एम.डी.'. फॉक्स वाहिनीवर ती १६ नोव्हेंबर २००४ ला सुरू झाली आणि २१ मे २०१२ ला संपली. आठ पर्वं, १७७ भाग. न्यू जर्सीतलं प्रिन्स्टन-प्लेन्सबरो हे काल्पनिक रुग्णालय, आणि तिथला डॉ. ग्रेगरी हाऊस. इतरांना न सापडलेला रोग शोधणं हे त्याचं काम. मांडीचा स्नायू रक्तपुरवठ्याअभावी मेल्यामुळे तो काठी घेऊन चालतो, दुखणं दाबण्याच्या गोळ्यांच्या आहारी गेला आहे, आणि रोग्याशी शक्यतो बोलतच नाही, कारण रोगी खोटं बोलतात अशी त्याची खात्री आहे. हे पात्र शेरलॉक होम्सवरून बेतलेलं आहे. त्याच्या घराचा क्रमांकही २२१-बी ठेवला आहे. कोड्यात टाकणाऱ्या आजारांची कल्पना डॉ. लिसा सँडर्स यांच्या सदरावरून आली. हे सदर न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात २००२ पासून येत होतं, आणि पुढे त्या मालिकेच्या वैद्यकीय सल्लागारही झाल्या. हाऊसची भूमिका करणारे ह्यू लॉरी यांचे वडील डॉक्टर होते. मालिकेचे जनक डेव्हिड शोर आधी वकिली करत. त्यांचे धाकटे जुळे भाऊ रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू आहेत. या मालिकेत श्रद्धावान माणसाला बोलायला भरपूर जागा मिळते, त्याच्या तोंडी दुबळी वाक्यं घालून त्याला हरवलं जात नाही. घरातच दोन धर्मगुरू असलेल्या माणसाला हे सुचावं, याचं मला नवल वाटत नाही.

हाऊस नास्तिक आहे आणि ते तो मोठ्यानं सांगतो. त्यामुळे ही मालिका नास्तिकतेच्या बाजूची आहे असं तिचे चाहतेही म्हणतात आणि तिच्यावर रागावलेलेही म्हणतात. मी ती डॉक्टर म्हणून पाहिली आणि माझं मत वेगळं झालं. हाऊस अनेकदा हरतो. पण तो हरतो तेव्हा देव जिंकलेला नसतो. चिकित्सेचा जो नियम तो इतरांना बजावतो, तोच त्यानं स्वतः मोडलेला असतो. पुराव्याच्या पुढे जाऊ नये आणि खोटं बोलू नये, एवढाच तो नियम. मालिकेतले श्रद्धेवरचे भाग या दृष्टीनं पाहिले की देव आहे की नाही हा प्रश्न मागे पडतो आणि डॉक्टरनं कसं वागावं हा प्रश्न पुढे येतो.

पहिल्या पर्वातला पाचवा भाग घ्या. १४ डिसेंबर २००४ ला, नाताळच्या तोंडावर तो दाखवला गेला. एका ख्रिस्ती मठातली सिस्टर ऑगस्टीन तळहात लाल होऊन, सुजून, सोलवटून रुग्णालयात येते. तिच्या सोबतच्या सिस्टर्सना त्यात ख्रिस्ताच्या जखमांची खूण दिसते. हाऊसला त्वचारोग दिसतो. तो औषध देतो आणि थोड्याच वेळात तिचं हृदय बंद पडायला येतं. चूक हाऊसची, असं सगळे धरून चालतात. उलगडा नंतर होतो. मठात ती जो झाडपाल्याचा चहा पीत होती, त्याचा आणि हाऊसनं दिलेल्या औषधाचा मेळ बसला नव्हता. आणि मूळ दुखण्याचं कारण तिच्या पोटात होतं. तिला तांब्याचं वावडं होतं, आणि मठात येण्याआधीच्या आयुष्यात तिनं तांबी बसवून घेतली होती.

या भागात मला सर्वांत मोलाचं काय वाटतं ते सांगतो. सिस्टरच्या अंगात तांबी सापडली म्हणून मालिका तिची श्रद्धा ढोंगी ठरवत नाही. तिचं आधीचं आयुष्य हे तिचं आयुष्य होतं, आणि ते मागे ठेवून ती मठात आली हेही खरं होतं. हाऊस तिच्या खाटेशी उभा राहून तिच्याशी श्रद्धेवर वाद घालतो. कडवा वाद घालतो, पण तिला फसवत नाही. ती आजारी असली तरी वाद घालण्याच्या योग्यतेची आहे असं तो मानतो. रोग्याला तेवढं मानणं हाही आदरच आहे. आपल्याकडे डॉक्टर आणि रोगी यांच्यात हे सहसा घडत नाही. आपण एकतर 'देवावर भरवसा ठेवा' म्हणून सुटका करून घेतो, नाहीतर 'असल्या गोष्टींवर विश्वास ठेवता?' म्हणून त्याला गप्प करतो.

हाऊसच्या खोलीत एक पांढरा फळा असतो. सहकारी लक्षणं सांगतात, तो ती फळ्यावर लिहितो, आणि मग एकेक रोग त्या यादीवर घासून पाहतो. मालिकेची सगळी बुद्धी या फळ्यावर दिसते. श्रद्धेच्या बाबतीत हाऊसची पहिली चूकही याच फळ्यावर होते, कारण तो श्रद्धेलाच लक्षण समजून यादीत लिहितो.

चौथ्या पर्वात एक नवरी लग्नमंडपात कोसळते. पूर्वी ती संगीतव्यवसायात होती, आणि आता सगळं सोडून कर्मठ ज्यू पंथात आली आहे. हाऊसचा सिद्धांत असा की माणसं बदलत नाहीत. तेव्हा इतका मोठा बदल म्हणजे मेंदूत काहीतरी बिघडलेलं असणार. सहकारी रोग शोधताहेत आणि हाऊस तिच्या धर्मांतराचं कारण शोधतोय. शेवटी निघतं काय, तर तिचं एक मूत्रपिंड जागचं हलतं. आडवी असताना ते ठिकाणावर असतं, उभी राहिली की खाली घसरतं. तपासण्या आडव्या निजवून केल्या जात होत्या, म्हणून ते सापडत नव्हतं. धर्मांतराचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. ती बदलली होती, कारण तिला बदलायचं होतं.

पाचव्या पर्वाच्या पंधराव्या भागात हीच गोष्ट जास्त खोलात जाते. फेब्रुवारी २००९ मध्ये तो दाखवला गेला. एका कॅथलिक फादरला रात्री दारात रक्तबंबाळ येशू हवेत तरंगताना दिसतो. या फादरची श्रद्धा आधीच गेलेली आहे. एका मुलाशी गैरवर्तन केल्याचा आरोप त्याच्यावर झाला, एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये अशा त्याच्या बदल्या होत राहिल्या, आणि तो दारू पिऊ लागला. येशू दिसला तेव्हा त्यालाही तो भास वाटला, देव नव्हे. हाऊस फळ्यावर 'भास' लिहितो. फादरच्या पायाचं बोट गळून पडतं, एकेक इंद्रिय बिघडत जातं, आणि भास धरून कुठलाही एक रोग या सगळ्यात बसत नाही. अखेरीस हाऊस फळ्यापाशी जातो आणि तो एक शब्द पुसतो. भास दारूचा होता, रोगाचा नव्हता. तो वगळला की उरलेली लक्षणं विस्कॉट-ऑल्ड्रिच या जन्मजात, रोगप्रतिकारशक्तीच्या दुर्मिळ विकारात नीट बसतात.

माझ्या मते संपूर्ण मालिकेतला हा सर्वांत विचारी क्षण आहे. देवाचं दर्शन यादीतून काढल्यावर निदान सापडतं. आस्तिक म्हणेल, पाहा, ते रोगाचं लक्षण नव्हतंच. नास्तिक म्हणेल, पाहा, ती दारू होती. दोघांचंही बरोबर आहे आणि रोग्याच्या दृष्टीनं दोन्ही गौण आहे. त्याच सुमारास ज्या मुलानं आरोप केला होता तो भेटायला येतो, आणि फादरच्या मनातली श्रद्धा हळूहळू परतू लागते. इतक्या योगायोगांना हाऊस नुसतं योगायोगच म्हणतो. पण आपल्या म्हणण्यात काही उणं राहिलं आहे हे ह्यू लॉरींच्या चेहऱ्यावर दिसतं, आणि मालिका त्यावर काही बोलत नाही.

आता त्या भागाकडे येतो ज्याचं नावच 'हाऊस विरुद्ध देव' असं आहे. दुसऱ्या पर्वाचा एकोणिसावा भाग, २५ एप्रिल २००६. बॉइड नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा प्रार्थनासभांमध्ये स्पर्शानं आजार बरे करतो असा त्याचा लौकिक आहे. तो स्वतःच कोसळून रुग्णालयात येतो. तिथे असताना तो ग्रेस नावाच्या एका बाईला हात लावतो. तिला यकृताचा कर्करोग आहे, शेवटचे महिने उरले आहेत. आणि तिची गाठ लहान होते. कॅन्सरतज्ज्ञ डॉ. विल्सन, हाऊसचा एकमेव मित्र, चक्रावतो. हाऊसच्या हाताखालचा डॉ. चेस फळ्यावर गुण मांडू लागतो: एका रकान्यात देव, दुसऱ्यात हाऊस.

उलगडा असा. बॉइडला नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूनं मेंदूज्वर झाला होता. स्पर्शातून तोच विषाणू ग्रेसकडे गेला आणि त्यानं तिच्या गाठीवर हल्ला केला. मुलाला हा विषाणू शरीरसंबंधातून मिळाला होता, म्हणजे ज्या पावित्र्याचा तो उपदेश करत होता ते त्यानं स्वतः पाळलं नव्हतं. लेखकांनी इथे मुलाला लाज वाटायला लावली आहे. मला ती गरज वाटली नाही. पंधरा वर्षांच्या पोरावर मोठ्यांनी देवपण लादलं, यात लाज वाटायची ती मोठ्यांना.

पण विषाणू गाठ खातो, हे पटकथाकारांनी हवेतून आणलेलं नव्हतं. कर्करोगावर विषाणूंचा वापर करण्याचं संशोधन त्या काळी सुरूच होतं. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं बदल घडवलेल्या हर्पिस विषाणूपासून केलेलं एक औषध मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी मंजूर केलं. त्या भागानंतर नऊ वर्षांनी. ग्रेसच्या बाबतीत जे घडलं ते जसंच्या तसं कुणा रोग्याच्या बाबतीत घडेल असं मी म्हणत नाही. पण चमत्कार वाटलेल्या गोष्टीमागे कारण असतं, आणि ते कारण सापडलं की ते एका माणसाच्या हातात न राहता कुणालाही वापरता येतं. चिकित्सेच्या बाजूनं यापेक्षा मोठा युक्तिवाद मला ठाऊक नाही. बॉइडच्या स्पर्शाला रांग लावावी लागली असती. औषधाची कुपी कुठल्याही गावात पोहोचू शकते.

योगायोग असा की त्याच महिन्यात, एप्रिल २००६ मध्ये, अमेरिकन हार्ट जर्नल या नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापला गेला. हृदयावर बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १८०२ रोग्यांवर सहा रुग्णालयांत तो झाला होता. प्रमुख संशोधक हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन. मनाचा शरीरावर परिणाम होतो हे सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे ते प्रार्थनेचे विरोधक नव्हते. पैसा मुख्यतः टेम्पलटन फाउंडेशनचा होता, आणि धर्म व विज्ञान यांची सांगड घालू पाहणारी ही संस्था. रोग्यांचे तीन गट केले. पहिल्या गटासाठी प्रार्थना झाली, पण होते आहे की नाही हे त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्यासाठी झाली नाही, आणि त्यांनाही नक्की काही सांगितलं नाही. तिसऱ्यासाठी झाली आणि तसं त्यांना सांगितलं. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात पहिल्या गटातल्या ५२ टक्के रोग्यांना काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यातल्या ५१ टक्क्यांना, आणि तिसऱ्यातल्या ५९ टक्क्यांना.

म्हणजे परक्यांनी केलेल्या प्रार्थनेचा फायदा दिसला नाही, आणि प्रार्थना चालू आहे हे कळलेल्यांचं थोडं जास्तच बिघडलं. ते का, यावर संशोधकांनी अंदाज केले, ठाम काही म्हटलं नाही. खरी चिकित्सा अशी असते. तिला काही वर्षं लागतात, हजारो माणसांच्या नोंदी लागतात, आणि शेवटी तिच्या हाती एक टक्केवारी आणि थोडी शंका उरते. प्रार्थना खरी ठरावी अशी ज्यांची इच्छा असेल, तेही असा अभ्यास करू शकतात आणि आलेलं उत्तर छापतात. मला या अभ्यासाबद्दल फार आदर आहे.

आणि इथेच मालिकेबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. हाऊसला उत्तर कसं सापडतं ते आठवा. भागाची शेवटची दहा मिनिटं राहिलेली असतात. हाऊस दुसऱ्याच कुणाशी दुसऱ्याच विषयावर बोलत असतो. समोरचा सहज एखादा शब्द बोलतो. हाऊस थांबतो, त्याची नजर दूर जाते, आणि उत्तर त्याच्यासमोर उभं राहतं. मग तो वाक्य अर्धं टाकून निघून जातो. याला तर्क कसा म्हणायचा? हा साक्षात्कार आहे. संतचरित्रांत असा क्षण येतो, आणि तिथे तो शोभतो. तर्काचा पुरस्कार करणारी मालिका आपल्या नायकाला तर्कानं जिंकवत नाही, तर साक्षात्कारानं जिंकवते. मग प्रेक्षक काय शिकतो? कुठेतरी एक असा माणूस आहे ज्याला सगळं दिसतं, तो उद्धट असेल, पण त्याच्या पायाशी गेलो तर वाचू. ही तर श्रद्धाच झाली, फक्त मखरात डॉक्टर बसवला. आपल्याकडे नावाजलेल्या डॉक्टरच्या दारात जी गर्दी लोटते, तिच्यात या श्रद्धेचा वाटा मोठा आहे. डॉक्टरकडून काही चुकलं की तीच गर्दी काचा फोडते, त्याचं मूळही इथेच आहे. देवाकडून चूक होत नाही अशी समजूत असते, आणि तिच्यासकट डॉक्टरला देव केलेलं असतं.

निदान इतकं सरळ कधी नसतं हे इथे बसलेला प्रत्येक डॉक्टर सांगेल. अर्थात मालिकेचा उपयोगही झालेला आहे, तो नाकारणं अन्यायाचं होईल. जर्मनीतल्या मारबुर्गच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात एक हकिगत छापली. हृदय निकामी होत चाललेल्या, डोळे आणि कान गेलेल्या एका रोग्याचं निदान होत नव्हतं. 'हाऊस'मधल्या एका भागात खुब्याच्या कृत्रिम सांध्यातून कोबाल्टची विषबाधा झाल्याचं दाखवलं होतं. डॉ. युर्गन शेफर यांना ते आठवलं आणि तपासणीत तेच निघालं. पण लक्षात घ्या, आठवल्यानंतर त्यांनी रक्तातलं कोबाल्ट मोजलं. नुसत्या आठवणीवर उपचार सुरू केले नाहीत.

आता हाऊस जिथे स्पष्टपणे चुकतो त्या जागा. चौथ्या पर्वाच्या तिसऱ्या भागात एक माणूस रुग्णालयातल्या विजेच्या सॉकेटमध्ये सुरी घालतो. पूर्वी अपघातात तो ९७ सेकंद मेलेला होता आणि त्या वेळी जे अनुभवलं ते त्याला पुन्हा हवं आहे. त्याच भागात खुर्चीला खिळलेला एक रोगी आहे. मेल्यावर या शरीरातून सुटका होईल अशी त्याला आशा आहे. हाऊस त्याच्याशी भांडतो, मग स्वतःच सॉकेटमध्ये सुरी घालतो, सुदैवानं वाचतो. पुढे तो रोगी मरतो. निदान बरोबर होतं, पण त्यानं गोळ्या घेतल्या की नाही हे कुणी पाहिलं नाही आणि त्या त्याच्या कुत्र्यानं खाल्ल्या. शेवटी हाऊस त्याच्या मृतदेहाशी जाऊन म्हणतो की मी तुला आधीच सांगितलं होतं.

हा शेवट अनेकांना धीट वाटला. मला तो चिकित्सेच्या विरोधातला वाटला. स्वतःच्या एका बेशुद्धीवरून मृत्यूनंतर काहीच नाही असं म्हणणं, आणि स्वतःच्या एका भासावरून मृत्यूनंतर स्वर्ग आहे असं म्हणणं, यात पद्धतीचा फरक कुठे आहे? दोन्हीकडे एकच रोगी, आणि तो स्वतःच साक्षीदार. हाऊसच्या हाताखालच्या कुणी असा पुरावा फळ्यावर मांडला असता तर त्यानं तो पुसून टाकला असता. शिवाय तो माणूस देवावरच्या भरवशामुळे मेला नव्हता. गोळ्या गिळताना शेजारी कुणी उभं नव्हतं म्हणून मेला. वॉर्डात रोज घडू शकणारी ही चूक मालिकेनं दाखवली, आणि मग तिच्याकडे पाठ फिरवून परलोकाची चर्चा केली, याचं मला वाईट वाटतं.

पाचव्या पर्वातल्या नाताळच्या भागात एक जोडपं येतं. मुलगी गरोदर आहे, आणि दोघांचं म्हणणं असं की त्यांच्यात शरीरसंबंध झालेलाच नाही. हाऊस तपासण्या करतो आणि जाहीर करतो की पुरुषाच्या बीजाशिवाय गर्भ राहिला आहे. दोघं सद्गदित होतात. प्रत्यक्षात तसं काही नव्हतं. रोग्याकडून भेटवस्तू मिळवून दाखवीन अशी विल्सनशी लावलेली पैज हाऊसला जिंकायची होती. काही प्रेक्षकांना यात करुणा दिसली: संसार मोडण्यापेक्षा चमत्कार दिला. पण त्या मुलाला उद्या रक्ताचा नातेवाईक लागला, आनुवंशिक आजार तपासायची वेळ आली, तर डॉक्टरच्या सहीचं ते खोटं कुणाच्या कामी येणार?

सर्वांत गंभीर प्रसंग सातव्या पर्वाच्या आठव्या भागात आहे, २२ नोव्हेंबर २०१०. एका माणसाच्या मुलीला कर्करोग होता. त्यानं देवाला नवस बोलला: पोरगी वाचली तर मी दरवर्षी स्वतःला क्रुसावर खिळवून घेईन. मुलगी वाचली, आणि तो नवस फेडतो. खिळ्यांच्या जखमा घेऊन तो रुग्णालयात येतो, आणि त्याला मल्टिपल स्क्लेरोसिसचा अतिशय वेगानं वाढणारा प्रकार झाल्याचं निघतं. उपचार घेतला तर देवाशी झालेला करार मोडेल म्हणून तो नकार देतो. हाऊस त्याला सांगतो, मुलीचा कर्करोग परत आला आहे. म्हणजे देवानंच करार मोडला. माणूस खचतो आणि उपचाराला होकार देतो. मुलीला काहीही झालेलं नसतं.

जीव वाचला, मग बिघडलं काय, असं विचारणारे भेटतात. डॉक्टरांमध्येही भेटतात. त्या बापाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्या भीतीपोटी त्यानं हातापायांत खिळे ठोकून घेतले, नेमकी तीच भीती डॉक्टरनं त्याच्या अंगावर सोडली. अमेरिकेत जाणत्या, शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाला कायद्यानं उपचार नाकारता येतो. यहोवाचे साक्षीदार हा पंथ १९४५ पासून रक्त घेत नाही, आणि तिथली रुग्णालयं प्रौढांचा तो नकार मानतात, मग डॉक्टरांना कितीही यातना होवोत. या कायद्यामागे देवाची भीती नाही. रोग्याच्या शरीराचा मालक रोगी आहे, एवढंच त्यामागे आहे. हाऊसनं त्या बापाच्या श्रद्धेला उत्तर दिलं नाही. त्यानं खोटा रिपोर्ट दाखवून त्या श्रद्धेचाच वापर केला. भोंदू बाबा हेच करतो. घरातल्या माणसाच्या आजाराची भीती घालतो, आणि भीतीनं वाकलेल्या माणसाकडून हवं ते करून घेतो. डॉक्टरचा हेतू चांगला होता, हे मला मान्य आहे. हेतू चांगला असला की पद्धत क्षम्य होते, हे मात्र मान्य नाही.

ही गोष्ट महाराष्ट्राच्या श्रोत्यांना वेगळी समजावून सांगायला नको. डॉ. नरेंद्र दाभोलकर डॉक्टर होते, आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झटले त्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा ठरवला आहे. रोखून, हा शब्द नीट वाचा. देवावर विश्वास ठेवणं या कायद्यानं गुन्हा केलेला नाही. दुसऱ्याच्या भीतीचा फायदा घेणं आणि त्याला उपचारापासून अडवणं हा गुन्हा आहे. श्रद्धेच्या नावानं चालणाऱ्या फसवणुकीला ही रेघ लागू आहे, आणि माझं म्हणणं असं की विज्ञानाच्या नावानं चालणाऱ्या फसवणुकीलाही ती लागू करावी.

मालिकेत एक श्रद्धावान डॉक्टर आहे, तो म्हणजे डॉ. चेस. तरुणपणी तो धर्मगुरू होण्यासाठी शिकत होता, मग ते सोडून वैद्यकाकडे आला. श्रद्धा आहे की गेली, हे त्याचं त्यालाच नक्की ठाऊक नाही. सहाव्या पर्वात आफ्रिकेतला एक हुकूमशहा उपचारांसाठी येतो. तो आपल्या देशात नरसंहार घडवेल अशी चेसची खात्री होते. चेस तपासणीचं रक्त बदलतो, निदान चुकतं आणि तो माणूस मरतो. त्यानंतर चेस चर्चमध्ये पापाची कबुली द्यायला जातो. त्याला क्षमा हवी आहे. फादर म्हणतात, आधी पोलिसांकडे जा. क्षमा मिळत नाही.

हाऊसशी झालेल्या सगळ्या वादांपेक्षा मला हा प्रसंग मोठा वाटतो. इथे देवाच्या अस्तित्वावर कुणी बोलत नाही. एका माणसाच्या हातून भयंकर गोष्ट घडली आहे, आणि ती घेऊन कुठे जायचं हे त्याला कळत नाही. हाऊसच्या फळ्यावर त्यासाठी रकाना नाही. चर्चमध्ये रकाना आहे, पण तिथेही स्वस्तात सुटका नाही. फादरनं त्याला गोड बोलून मोकळं केलं असतं तर श्रद्धा ही नुसती सोय ठरली असती. मालिका तसं करत नाही, आणि श्रद्धेला तिनं दिलेला हा सर्वांत मोठा सन्मान आहे.

मग रोग्याच्या श्रद्धेचं करायचं काय? १९९६ च्या सुमारास अमेरिकेतल्या डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांसाठी प्रश्नांची एक छोटी पद्धत तयार केली. तुमची कशावर श्रद्धा आहे? आजारपणात तिचं तुम्हाला किती महत्त्व वाटतं? तुमच्या पाठीशी उभा राहील असा काही समुदाय आहे का? उपचार करताना आम्ही यातलं काय लक्षात ठेवावं? बस्स. डॉक्टरनं उपदेश करायचा नाही, वाद घालायचा नाही, प्रार्थनाही करायची नाही. विचारायचं आणि केस पेपरवर लिहायचं. सिस्टर ऑगस्टीनला असे प्रश्न कुणी विचारले असते तर मठातला चहा पहिल्याच दिवशी कळला असता. आपल्याकडे विचारले तर एकादशीला इन्सुलिन घेऊन उपाशी राहणारी आजी कळेल, रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा बदलणारे चाचा कळतील, भगतानं दिलेली मुळी उगाळून घेणारा आणि डॉक्टर ओरडतील म्हणून ते लपवणारा रोगी कळेल. रोगी खोटं बोलतात ही हाऊसची तक्रार आहे. आपण ओरडणं थांबवलं तर त्यातलं पुष्कळ खोटं थांबेल, असा माझा अनुभव आहे.

इथे मागच्या रांगांमध्ये वैद्यकीय महाविद्यालयाची मुलं-मुली बसली आहेत. त्यांतल्या अनेकांनी ही मालिका पाहून डॉक्टर व्हायचं ठरवलं, असं मघाशी चहाच्या वेळी मला त्यांनीच सांगितलं. त्यांना माझी विनंती आहे. पहिल्या पर्वाचा पाचवा भाग आणि सातव्या पर्वाचा आठवा भाग एका बैठकीत लागोपाठ पाहा. दोन्हींत एक श्रद्धावान रोगी आहे आणि दोन्हींत हाऊसचं निदान बरोबर आहे. पहिल्यात तो रोग्याशी वाद घालतो, दुसऱ्यात रोग्याला फसवतो. यांतला कुठला हाऊस आपल्या वॉर्डात हवा, हे राउंडला जाण्यापूर्वी ठरवा. माझं मत पहिल्याला आहे.